टेप ड्राइव्ह: लिहावे एका संगणकावर, वाचता यावे कोणत्याही संगणकावर

वडसा परिसरात झाडीपट्टीच्या नाटकांचे चित्रीकरण करणारे व्हिडिओग्राफर, महानुभाव पंथाच्या पोथ्यांची पाने कॅमेऱ्याने टिपून ठेवणारे अभ्यासक, तालुक्याच्या गावातील वाचनालये आणि जुने दप्तर स्कॅन करून घेतलेल्या सहकारी संस्था या सर्वांकडे गेल्या काही वर्षांत एवढी सामग्री जमा झाली आहे की ती हार्ड डिस्कवर ठेवत राहणे परवडेनासे झाले आहे. रात्रभर चालणाऱ्या नाटकाचे पाच तासांचे चित्रीकरण सेकंदाला ५० मेगाबिट या दराने केले, तर त्याची एकच फाइल सुमारे ११२ गिगाबाइटची होते. दिवाळीनंतर सुरू होणारा हंगाम संपेपर्यंत अशा किती फाइली साठतात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. टेप हा या साठवणुकीचा जुना, स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. मात्र तो नव्याने धरणाऱ्यांना बहुतेक वेळा एकाच ऑपरेटिंग सिस्टिमपुरती माहिती मिळते आणि पुढे दुसऱ्या संगणकावर टेप वाचता येत नाही तेव्हा घोटाळा होतो. टेप दहा वर्षांनी कोणाच्या संगणकावर वाचली जाईल हे आज सांगता येत नसल्यामुळे, ती कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशीच लिहिली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे सर्व निर्णय लिहितानाच घ्यावे लागतात.

एक सूचना आधीच करतो. या लेखात कमांडची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती लहान इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकावीत. ‘एमटी’ म्हणजे एम आणि टी ही दोन अक्षरे, ‘डेव्ह’ म्हणजे डी, ई, व्ही ही तीन अक्षरे, असे वाचावे.

ड्राइव्ह आणि टेपची पिढी

आज ‘टेप’ म्हटले की व्यवहारात एलटीओ हाच प्रकार समजावा. आयबीएम, एचपी आणि सीगेट या तीन कंपन्यांनी मिळून हे मानक ठरवले आणि २००० साली पहिली पिढी बाजारात आली. एका कंपनीच्या ड्राइव्हवर लिहिलेली टेप दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर वाचता येते, हा या मानकाचा सर्वांत मोठा गुण आहे. चौथ्या पिढीची टेप ८०० गिगाबाइटची, पाचव्या पिढीची दीड टेराबाइटची, सहाव्या पिढीची अडीच, सातव्या पिढीची ६, आठव्या पिढीची १२ आणि २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीची १८ टेराबाइटची आहे. कार्ट्रिजच्या वेष्टनावर याच्या दुप्पट किंवा अडीचपट आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, तो विसरून जावा. ड्राइव्ह आतल्या आत माहिती संकुचित करतो असे गृहीत धरून तो आकडा काढलेला असतो, पण व्हिडिओ, जेपीईजी चित्रे आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ आधीच संकुचित असल्यामुळे आपल्या कामात मूळ क्षमतेएवढीच जागा मिळते. म्हणजे वर सांगितलेली नाटके पाचव्या पिढीच्या टेपवर तेरा आणि सहाव्या पिढीच्या टेपवर बावीस मावतील.

सातव्या पिढीपर्यंतचा ड्राइव्ह स्वतःच्या आणि मागच्या एका पिढीच्या टेपवर लिहू शकतो आणि मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचू शकतो. आठव्या पिढीपासून हा नियम आखूड झाला: आठव्या पिढीचा ड्राइव्ह सहाव्या पिढीची टेप वाचत नाही, तो फक्त सातव्या आणि आठव्या पिढीशी काम करतो, आणि नवव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त आठव्या आणि नवव्या पिढीशी. जुना ड्राइव्ह घेण्यापूर्वी हा नियम समोर ठेवून आपल्याजवळच्या टेपांची पिढी तपासावी. बारकोडाच्या शेवटी ‘एल’ हे अक्षर आणि त्यापुढे पिढीचा अंक असतो, त्यावरून ती ओळखता येते.

नवा ड्राइव्ह खेड्यातल्या संस्थेला परवडत नाही, हे उघड आहे. जुने सर्व्हर विकणाऱ्यांकडून पाचव्या किंवा सहाव्या पिढीचा ड्राइव्ह घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. पाचव्या पिढीच्या मागे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण टेपचे दोन भाग पाडण्याची सोय पाचव्या पिढीपासून आली आणि पुढे सांगितलेली एलटीएफएस ही पद्धत तिच्यावरच उभी आहे. खरेदी करताना ड्राइव्ह स्वतंत्रपणे चालणारा आहे की टेप लायब्ररीच्या (अनेक टेपा आपोआप बदलणाऱ्या यंत्राच्या) पेटीतून काढलेला आहे, हे विचारून घ्यावे. लायब्ररीतून काढलेला ड्राइव्ह टेबलावर तसाच चालेल याची खात्री नसते. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोर एक टेप पूर्ण भरून ती परत वाचून पाहावी. पाचव्या पिढीला यासाठी लिहायला तीन तास आणि वाचायला तेवढेच लागतात, पण नागपूरला पुन्हा चक्कर मारण्यापेक्षा ते बरे.

जोडणी

बहुतेक एलटीओ ड्राइव्ह यूएसबीने जोडता येत नाहीत. त्यांना एसएएस नावाची जोडणी लागते. त्यासाठी डेस्कटॉप संगणकाच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये एसएएस कार्ड बसवावे. हे कार्ड साधे एचबीए, म्हणजे फक्त जोडणी करून देणारे, असावे, अनेक डिस्क एकत्र बांधणारे रेड (आरएआयडी) कार्ड नसावे, कारण अनेक रेड कार्डे टेप ड्राइव्ह ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचूच देत नाहीत. बाहेरून जोडायच्या केबलचे दोन प्रकार नेहमी आढळतात: जुन्या ड्राइव्हना एसएफएफ-८०८८ आणि नव्यांना एसएफएफ-८६४४. कार्ड आणि ड्राइव्ह यांची तोंडे वेगवेगळी असतील तर दोन टोकांना दोन प्रकार असलेली केबल मिळते. ड्राइव्हला वीज आधी द्यावी आणि तो स्थिर झाल्यावर संगणक सुरू करावा. ड्राइव्ह संगणकाच्या पेटीत आतून बसवला असेल, तर त्याच्यावरून हवा वाहती राहील असा पंखा लावावा, कारण चालू ड्राइव्ह तापतो आणि आपल्याकडील मे महिन्यात तो अधिकच तापेल.

ड्राइव्ह कोणत्या नावाने दिसतो

लिनक्समध्ये टेप ड्राइव्ह सांभाळणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतो, वेगळा शोधावा लागत नाही. ‘एलएसएससीएसआय -जी’ ही कमांड दिली की ड्राइव्ह यादीत दिसतो आणि त्याच्यासमोर त्याची नावे दिसतात. ही नावे नीट समजून घ्यावीत. ‘/डेव्ह/एसटी०’ या नावाने ड्राइव्ह वापरला तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते; ‘/डेव्ह/एनएसटी०’ या नावाने वापरला तर टेप जिथे थांबली तिथेच राहते. टेपवर मध्येच कुठेही लिहिले की त्या जागेनंतरची सर्व जुनी माहिती वाचण्यापलीकडे जाते, हे ध्यानात घेतले की या दोन नावांतील फरकाचे महत्त्व कळते. पहिले नाटक ‘एसटी०’ने लिहिले, टेप मागे गेली, दुसरे नाटकही त्याच नावाने लिहिले, की पहिले संपलेच. संगणक त्याबद्दल काहीही विचारत नाही. म्हणून नवशिक्याने ‘एन’ असलेले नावच वापरण्याची सवय लावावी आणि टेप गुंडाळण्याचे काम स्वतः कमांड देऊन करावे.

हाच भेद इतर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये निराळ्या नावांनी येतो. फ्रीबीएसडीमध्ये ‘एसए०’ गुंडाळणारे आणि ‘एनएसए०’ न गुंडाळणारे. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीमध्ये ‘आरएसटी०’ आणि ‘एनआरएसटी०’. सोलारिसमध्ये ‘/डेव्ह/आरएमटी/०’ आणि ‘/डेव्ह/आरएमटी/०एन’. एआयएक्समध्ये मात्र न गुंडाळणाऱ्या नावात ‘एन’ येत नाही, तिथे ‘आरएमटी०’ गुंडाळतो आणि ‘आरएमटी०.१’ थांबून राहतो. एखाद्या कार्यालयातून जुन्या युनिक्सच्या टेपा आपल्याकडे आल्या, तर त्यांच्या सोबतच्या कागदावर ही नावे आढळतील आणि त्यावरून टेप कोणत्या सिस्टिमवर लिहिली गेली याचा अंदाज बांधता येईल.

आता टेप घालून, टेप हाताळणाऱ्या एमटी प्रोग्रामची ‘एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० स्टेटस’ ही कमांड द्यावी. उत्तरात घनतेचा संकेत असतो: पाचव्या पिढीच्या टेपला ०एक्स५८, सहाव्या पिढीला ०एक्स५ए. ‘बीओटी’ दिसल्यास टेप सुरुवातीला आहे, ‘ऑनलाइन’ दिसल्यास ड्राइव्ह तयार आहे, ‘डीआर ओपन’ दिसल्यास टेप नीट बसलेली नाही आणि ‘डब्ल्यूआर प्रॉट’ दिसल्यास कार्ट्रिजवरची लेखनबंदीची छोटी कळ सरकवलेली आहे. जी टेप फक्त वाचायची आहे तिची ही कळ ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वीच बंदीवर सरकवून ठेवावी. दुसऱ्याची टेप हाताळताना तर हे न चुकता करावे.

ब्लॉकचा आकार

एका संगणकावर लिहिलेली टेप दुसऱ्यावर वाचता न येण्यामागे ब्लॉकचा आकार हे फार मोठे कारण असते, म्हणून इथे थोडे थांबू. टेपवर माहिती सलग जात नाही, ठरावीक आकाराच्या तुकड्यांत जाते आणि वाचणाऱ्याने किमान तेवढा मोठा तुकडा मागितला तरच ती मिळते. लिनक्समध्ये मोठ्या ब्लॉकची टेप लहान ब्लॉक मागून वाचायला गेले तर मेमरी मिळाली नाही अशा अर्थाचा संदेश येतो. नवखा माणूस संगणकाची रॅम तपासत बसतो, आणि दोष असतो ब्लॉकच्या आकारात.

अनेक फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणाऱ्या टार या प्रोग्रामचा मूळ ब्लॉक १०,२४० बाइटचा, म्हणजे ५१२ बाइटचे २० एकक, असतो. आजच्या वेगवान ड्राइव्हसाठी तो फार लहान आहे. मोठा ब्लॉक वेगाला चांगला, पण काही सिस्टिमना फार मोठा ब्लॉक झेपत नाही. फ्रीबीएसडीच्या जुन्या आवृत्त्या १२८ किलोबाइटच्या पलीकडे जात नाहीत आणि काही कार्डे व ड्रायव्हर ६४ किलोबाइटलाच थांबतात. अनेक ठिकाणी वाचायची टेप असेल तर ६४ किलोबाइटचा ब्लॉक ठेवावा असा माझा सल्ला आहे. टारमध्ये तो ‘-बी १२८’ असा सांगतात, कारण १२८ गुणिले ५१२ म्हणजे ६५,५३६ बाइट. त्याआधी ‘एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० सेटबीएलके ०’ ही कमांड देऊन ड्राइव्ह बदलत्या ब्लॉकच्या स्थितीत ठेवावा, म्हणजे ड्राइव्हने स्वतःचा ठरलेला आकार मध्ये आणू नये.

अनोळखी टेप हाती आल्यास ब्लॉकचा आकार शोधून काढता येतो. ‘डीडी’ या कमांडला एक मेगाबाइटचा ब्लॉक सांगून फक्त एकदाच वाचायला लावावे. ती प्रत्यक्षात किती बाइट मिळाले हे सांगते, आणि तोच टेपवरचा आकार. नंतर टेप रिवाइंड करून तो आकडा टारला द्यावा.

टारने लिहिणे आणि वाचणे

आमच्या उदाहरणात एक नाटक म्हणजे एक फोल्डर धरले आहे. कमांड अशी: ‘टार --फॉरमॅट=पॉझिक्स -बी १२८ -सीव्हीएफ /डेव्ह/एनएसटी० नाटक१’. ती संपली की टेपवर आपोआप एक फाइलमार्क, म्हणजे फाइल संपल्याची खूण, पडतो आणि पुढचे नाटक त्याच्यानंतर लिहिता येते. नंतरच्या एखाद्या दिवशी त्याच टेपवर भर घालायची असल्यास आधी ‘एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० ईओएम’ देऊन माहितीच्या शेवटापर्यंत जावे आणि मगच लिहावे. तिसरे नाटक वाचायचे असल्यास टेप रिवाइंड करून ‘एफएसएफ २’ द्यावे, म्हणजे दोन फाइलमार्क ओलांडून टेप तिसऱ्या नाटकाच्या तोंडाशी उभी राहते. लिनक्समध्ये एक नाटक वाचून झाल्यावर टेप बऱ्याचदा फाइलमार्कच्या अलीकडेच थांबलेली असते. लगेच पुढचे वाचायला गेले तर काहीच हाती लागत नाही आणि टेप रिकामी असल्याचा भास होतो. अशा वेळी एकदा ‘एफएसएफ १’ द्यावे.

सगळे हंगामाचे काम एकाच मोठ्या टार फाइलमध्ये कोंबू नये. पाचव्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला १४० मेगाबाइट लिहितो, त्यामुळे ११२ गिगाबाइटचे एक नाटक साधारण साडेतेरा मिनिटांत उतरते. गावात वीज केव्हा जाईल हे कोणी सांगू शकत नाही आणि साधा यूपीएस दहा-वीस मिनिटे तग धरतो. नाटकागणिक तुकडे केले तर हाती घेतलेला तुकडा यूपीएसवर पूर्ण होऊ शकतो. तो अर्धा राहिला तरी आधीचे सर्व सुरक्षित असतात. माहिती टेपवर पाठवताना ‘झेड’ विकल्पाने संपूर्ण टार संकुचित करणेही टाळावे, कारण त्यात मध्ये एक जागा खराब झाली तर तिच्या पुढचे सर्वच उलगडेनासे होते.

वेगाची दुसरी बाजूही आहे. ड्राइव्हला माहिती सतत मिळत राहिली पाहिजे. ती सेकंदाला साधारण ४०-५० मेगाबाइटच्या खाली गेली तर पाचव्या पिढीचा ड्राइव्ह टेप थांबवतो, थोडी मागे नेतो, पुन्हा पुढे नेतो आणि हे सारखे करत राहतो. त्यात वेळ जातो, टेप झिजते आणि ड्राइव्हचे डोकेही झिजते. जुन्या यूएसबी २ डिस्कवरून थेट टेपवर लिहिणे म्हणूनच टाळावे. सामग्री आधी संगणकातील डिस्कवर उतरवून घ्यावी. पोथ्यांच्या पानांसारख्या हजारो छोट्या फाइली असतील तर टार आणि टेप यांच्यामध्ये ‘एमबफर’ हा प्रोग्राम ठेवावा, जो काही गिगाबाइट माहिती रॅममध्ये साठवून ती एका दमात ड्राइव्हला देतो. एमबफर वापरताना टेपवरचा ब्लॉक तो ठरवतो, टार नव्हे. म्हणून त्यालाही ६४ किलोबाइटच सांगावे.

विंडोज आणि मॅक

विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ पर्यंत एनटीबॅकअप हा प्रोग्राम सोबत येत असे आणि तो टेपवर लिहीत असे. त्यानंतरच्या विंडोजमध्ये ती सोय उरली नाही. आजच्या विंडोज सर्व्हर बॅकअपलाही टेप चालत नाही. निर्मात्याचा ड्रायव्हर बसवल्यावर ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमध्ये टेप ड्राइव्ह या मथळ्याखाली दिसतो, पण एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. तो बिघडलेला आहे असे समजून परत करणारे लोक आहेत. विंडोजमध्ये ड्राइव्हचे अंतर्गत नाव ‘टेप०’ असते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून आलेली टार कमांड फाइलचे नाव न देता चालवली तर ती हाच ‘टेप०’ उघडायला जाते आणि तो न सापडल्याचा संदेश देते; टेप नसलेल्या संगणकावरही हा संदेश दिसतो, त्याने गोंधळू नये. विंडोजवर टारची टेप वाचायची असेल तर सिगविन (विंडोजवर लिनक्ससारखे प्रोग्राम चालवू देणारे पॅकेज) बसवावे: त्यात लिनक्सचीच ‘/डेव्ह/एनएसटी०’ ही नावे आणि एमटी कमांड चालते.

एनटीबॅकअपने लिहिलेल्या जुन्या टेपा टार नसतात, त्या मायक्रोसॉफ्टच्या एमटीएफ स्वरूपात असतात. लिनक्सवर एमटीएफटार नावाचा प्रोग्राम त्या उलगडून देतो. बॅकअप सॉफ्टवेअर विकत घेऊन लिहिलेल्या टेपांचे स्वरूप मात्र त्या त्या सॉफ्टवेअरपुरते असते आणि ते सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती आणि परवाना जपला नाही तर टेप असूनही माहिती नसते. लहान संस्थेने अशा बंदिस्त स्वरूपात दीर्घकाळाची सामग्री ठेवू नये.

मॅकमध्ये टेपसाठी स्वतःचा ड्रायव्हरच नाही. तिथे थंडरबोल्टमधून एसएएस जोडणी घ्यावी लागते आणि मॅकफ्यूज व निर्मात्याचे एलटीएफएस पॅकेज बसवून काम करावे लागते.

एलटीएफएस

वरील सर्व सिस्टिमना जोडणारा दुवा म्हणजे एलटीएफएस. आयबीएमने २०१० मध्ये ती आणली आणि २०१६ मध्ये ती आयएसओ २०९१९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. यात टेपचे दोन भाग पाडतात. एका छोट्या भागात फाइलींची सूची राहते आणि मोठ्या भागात प्रत्यक्ष माहिती. त्यामुळे टेप घातल्यावर ती विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षराने आणि लिनक्स वा मॅकमध्ये फोल्डर म्हणून दिसते. लिनक्सवर ‘एमकेएलटीएफएस -डी’ आणि ‘एलएसएससीएसआय -जी’च्या यादीत दिसलेले ड्राइव्हचे ‘एसजी’ नाव देऊन टेप तयार करतात. ही कमांड टेपवर आधी जे असेल ते घालवते, म्हणून टेपवरील चिठ्ठी वाचूनच ती द्यावी.

टेप फोल्डरसारखी दिसते म्हणून ती पेन ड्राइव्हसारखी वापरू नये. फाइल पुसली तरी तिची जागा परत मिळत नाही. एक्सप्लोररमध्ये चित्रांची छोटी रूपे दाखवण्याची सोय चालू असेल तर प्रत्येक चित्रासाठी टेप पुढे-मागे धावते. ती सोय बंद करून फक्त नावांची यादी पाहावी. अनेक फाइली परत घेताना त्या टेपवरच्या क्रमाने घेणारा ‘एलटीएफएस ऑर्डर्ड कॉपी’ हा प्रोग्राम आहे, तो वापरल्यास तासांचे काम वाचते. सर्वांत महत्त्वाचे, काम संपल्यावर टेप रीतसर अनमाउंट करावी, म्हणजे सिस्टिमपासून मोकळी करावी, आणि ती बाहेर येईपर्यंत थांबावे, कारण सूचीची शेवटची प्रत त्या वेळी टेपवर लिहिली जाते. मध्येच वीज गेल्यास ‘एलटीएफएससीके’ हा प्रोग्राम टेप तपासून सूची पूर्ववत करण्याचा प्रयत्न करतो आणि बहुधा तो यशस्वी होतो.

मग टार घ्यावे की एलटीएफएस? ज्यांना टेप दुसऱ्याच्या हाती द्यायची आहे आणि तो विंडोज वापरतो की मॅक हे ठाऊक नाही, त्यांनी एलटीएफएस घ्यावे. हजारो छोट्या फाइली असलेल्या संग्रहासाठी टार अधिक बरे. चौथ्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या टेपांना टारशिवाय पर्याय नाही.

मराठी फाइलनावे

हा भाग मराठी वापरकर्त्यांसाठी महत्त्वाचा आहे आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तो सहसा सापडत नाही. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. टारच्या जुन्या यूस्टार स्वरूपात नावाला १०० बाइटचीच जागा आहे, म्हणजे ३३ चिन्हे. म्हणून वर ‘पॉझिक्स’ स्वरूप सांगितले. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे ८५ देवनागरी चिन्हे आहे, तर विंडोजच्या एनटीएफएसमध्ये २५५ चिन्हे चालतात. विंडोजवर दिलेले शंभर चिन्हांचे मराठी नाव लिनक्सवर उतरतच नाही. नाटकाचे नाव, गाव, मंडळ, तारीख आणि कलाकार हे सर्व फाइलच्या नावात लिहिण्याची पद्धत पडली आहे. ती माहिती वेगळ्या मजकूर फाइलमध्ये लिहावी आणि नाव छोटे ठेवावे.

दुसरी अडचण ‘ऱ’ची. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातील ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणूनही साठवता येते आणि ‘र’ व खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे मिळूनही साठवता येते. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत ते दोन चिन्हांत फोडून ठेवते. ती फाइल लिनक्सवर आणली की डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावे यादीत येऊ शकतात आणि पडताळणीत एक फाइल हरवली असे दिसते. शिवाय विंडोजला नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि तारांकन चालत नाही, म्हणून वेळ लिहिताना तास आणि मिनिटांमध्ये आडवी रेघ द्यावी. टेपवर जाणाऱ्या फाइलींना लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक यांचे साधे नाव देऊन मराठी तपशील सोबतच्या सूचीत ठेवणे, हेच मला सर्वांत सुरक्षित वाटते.

ऊन, कूलर आणि कापसाचे तंतू

दीर्घकाळ ठेवायच्या एलटीओ टेपसाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. टेपांसाठी घराच्या मधली, पश्चिमेची भिंत नसलेली खोली निवडावी आणि टेपा त्यांच्या डब्यांत, उभ्या, बंद झाकणाच्या प्लास्टिक पेटीत सिलिका जेलसह ठेवाव्यात. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे टेपा ठेवू नयेत आणि ड्राइव्हही चालवू नये: कूलर हवा थंड करतो तो पाण्यानेच, त्यामुळे खोलीतली आर्द्रता मर्यादेच्या बरीच वर जाते आणि जाळीतून येणारी धूळ वेगळीच. एसी नसेल तर टेपचे मोठे काम हिवाळ्यात उरकावे, आणि उन्हाळ्यात अगदी गरज पडली तर पहाटे करावे.

जिनिंगच्या जवळच्या वस्तीत कापसाचे सूक्ष्म तंतू हवेत असतात आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत धूळ सगळीकडे असते. अशा दिवसांत ड्राइव्ह कापडाने झाकून ठेवावा, मात्र चालू असताना झाकू नये. स्वच्छतेची कार्ट्रिज ड्राइव्हने मागितली तरच घालावी, दर आठवड्याला नव्हे, कारण ती डोके घासूनच स्वच्छ करते आणि तिचे वापर मोजकेच असतात. टेप एसटीने दुसऱ्या गावी नेली तर ती नवीन खोलीत एक दिवस तशीच राहू द्यावी आणि मग वापरावी. हातातून पडलेली टेप ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी दार किंचित उघडून आतली पिन जागेवर आहे का ते पाहावे; सरकलेल्या पिनेची टेप ड्राइव्हमध्ये अडकली तर दोन्ही जातात.

पडताळणी आणि नोंद

टेप लिहून झाली म्हणजे काम झाले असे नाही. लिहिण्यापूर्वी सर्व फाइलींची एसएचए-२५६ बेरीज (फाइलीतील मजकुरावरून निघणारा, ती बदलली की बदलणारा आकडा) काढून ती यादी डिस्कवर आणि टेपवर अशी दोन्हीकडे ठेवावी. मग टेप रिकाम्या फोल्डरमध्ये परत उतरवून बेरजा जुळतात का ते पाहावे. शक्य असेल तर ही परीक्षा दुसऱ्या संगणकावर आणि दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर घ्यावी. लिनक्सवर लिहिलेली टेप एखाद्या शाळेतल्या किंवा मित्राच्या विंडोज संगणकावर ड्राइव्ह नेऊन वाचून पाहिली, तर ब्लॉक, नावे आणि ड्रायव्हर यांतले सगळे दोष त्याच दिवशी उघडे पडतात, जेव्हा मूळ प्रत अजून आपल्याजवळ असते.

डब्यात एक कागद ठेवावा. त्यावर टेपची पिढी, टार की एलटीएफएस, टारचे स्वरूप, ब्लॉकचा आकार, लिहिणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तारीख आणि कोणत्या क्रमांकाच्या फाइलमध्ये काय आहे हे पेनाने लिहावे. एन्क्रिप्शन वापरले असल्यास तसे लिहावे आणि किल्ली दुसरीकडे, पण निश्चित जागी ठेवावी. चिठ्ठी कार्ट्रिजवर तिच्यासाठी असलेल्या खाचेतच चिकटवावी. इतरत्र चिकटवलेली चिठ्ठी ड्राइव्हमध्ये सोलून अडकते.

प्रत्येक टेपची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली होती. अशा वेळी त्याच गावातील दोन कपाटांत ठेवलेल्या दोन प्रतींचा उपयोग नाही. वर्षातून एकदा प्रत्येक टेप काढून तिची यादी वाचून पाहावी. पाचव्या पिढीच्या टेपा सातव्या पिढीच्या ड्राइव्हपर्यंतच वाचता येतात आणि सहाव्याच्याही तिथपर्यंतच, म्हणून असे ड्राइव्ह जुन्या बाजारात सहज मिळत आहेत तोवरच त्या टेपांवरील सामग्री सातव्या किंवा आठव्या पिढीच्या टेपांवर उतरवून घ्यावी आणि नव्या टेपेची पडताळणी पूर्ण होईपर्यंत जुनी टेप पुसू नये.